मामांची एल आणि भाजलेली नाचणी

आमच्या नाशिकमध्ये वाइनचा ग्लास हातात धरून फोटो काढला तर लोक विचारतात, कुठल्या वाइनरीत गेला होतात? बीअरचा काढला तर विचारतात, घरी सगळं ठीक आहे ना? मी बाईमाणूस, त्यात ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते, आणि गेली नऊ वर्षं स्वतःच्या स्वयंपाकघरात घरापुरती बीअर बनवते. नियमांचं काय, असं विचारणाऱ्यांनी आधी आपापल्या जिल्ह्यात जाऊन विचारून यावं. मी विचारून आले आहे आणि त्या खेपांची आठवण आज नको.

हे वेड मला लावलं माझ्या धाकट्या मामांनी. मामा सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि कऱ्हाडला लागून असलेल्या मलकापुरात घर बांधून राहिले. फौजेतून परदेशी शांतिसेनेत गेले असताना तिथल्या एका म्हाताऱ्याने त्यांना घरी बनवलेली स्ट्राँग एल पाजली होती. एल म्हणजे उबेत आंबणारी बीअर, आणि स्ट्राँग एल म्हणजे त्यातली पैलवान. रंगाने गडद, चवीला भरीव, वर्षभर बाटलीत मुरलेली, छोट्या पेल्यातून हळूहळू प्यायची. मामांनी ती चव डोक्यात ठेवली आणि घराच्या मागच्या खोलीत पातेली मांडली. तेवढ्यावर त्यांचं समाधान होईना. पुण्याहून येणारं परदेशी जवाचं माल्ट वापरून केलेली एल म्हणजे दुसऱ्याच्या शेतातलं चोरलेलं कणीस, असं ते म्हणत. आपल्या भागातल्या नाचणी-शाळूची एल करायची, हा त्यांचा हट्ट.

मग गेल्या गणपतीत त्यांना झटका आला. जीव वाचला, बोलणं सुधारलं, पण उजवा हात रुसून बसला. डॉक्टरांनी व्यायाम सांगितले ते मामांनी आठ दिवस केले आणि सोडून दिले. दिवसभर खुर्चीत बसून राहायचे. डिसेंबरात मीच फोनवर म्हटलं, मामा, ती आपल्या धान्याची एल या हिवाळ्यात करू, हात माझे, डोकं तुमचं. ते म्हणाले, एकदा करू; नाही जमलं तर खोली रिकामी करून टाकू. मामींनी फोन आपल्याकडे घेतला आणि पडवीत जाऊन हळू आवाजात मला सांगितलं, "मालू, ह्ये जमलं न्हाई तर ह्येनी परत उठायचं नाव काढायचं न्हाईत. तेवढं ध्यानात धरून ये."

संक्रांत झाल्यावर मी रजा टाकली आणि गाडी काढली.

मेढा

महाबळेश्वराला मी फक्त मामींसाठी स्ट्रॉबेरीची दोन खोकी घेतली आणि केळघरचा घाट उतरले. घाटातल्या वळणांवर खोकी मागच्या सीटवरून खाली आली आणि मेढ्यात पोहोचेपर्यंत अर्ध्या स्ट्रॉबेरीचं सरबत झालं होतं. गाडीला पुढे चार दिवस सुंदर वास येत होता, एवढाच फायदा.

मेढ्याच्या वरच्या अंगाला एका वाडीत सुशीलावहिनी राहतात. बचत गटाच्या बायकांना घेऊन त्या नाचणीचं सत्त्व करतात, आणि माझ्या एका विद्यार्थिनीच्या त्या काकू लागतात. मी त्यांना महिनाभर आधी फोनवर सांगितलं होतं की बारा किलो नाचणीला मोड आणून, वाळवून ठेवा. इथे माल्टचं थोडं सांगायला हवं. दाण्याला मोड येताना त्यात विकर नावाचे रस तयार होतात. तो दाणा वाळवून, भरडून कोमट-गरम पाण्यात धरला की हेच विकर पिठाची साखर करतात आणि पुढे यीस्ट त्या साखरेची बीअर करतं. विकर गेले की सगळंच गेलं. मग पातेल्यात नुसती पेज उरते.

वहिनींनी आधी जेवायला बसवलं. नाचणीची भाकरी, पावट्याची आमटी, लसणीची ओली चटणी आणि वर ताक. आमच्याकडे नाचणी मधुमेह झाला की आठवते. इथे भाकरी पानात पडली की माणसं सरसावून बसतात. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या, तिसरी वहिनींनी न विचारता वाढली.

जेवण झाल्यावर त्यांनी पोतं उघडलं आणि मी वाकून वास घेतला. पोत्यातून खमंग, गोडसर, सुरेख वास येत होता. वाळवलेल्या मोडांना असा वास येत नाही. नाचणी भाजलेली होती, आणि आचेत विकर मरतात. बारा किलो, चुलीवर, मंद आचेवर, थोडी थोडी घेऊन दोन बायकांनी दोन दिवस बसून भाजली होती. मी विचारलं, भाजलीत का हो? वहिनींना प्रश्नच कळेना. सत्त्वाची नाचणी भाजतातच. मोड आलेली नाचणी न भाजता कुणाच्या हातात देणं म्हणजे पाहुण्याला अर्धी कच्ची भाकरी देणं.

"कच्ची कशी दिऊ ताई? प्वाट बिगाडतं. सुभेदार आजारी हायती म्हनला व्हता न्हवं, म्हनून जरा जास्तच भाजली."

आता या बाईला मी काय सांगणार? चूक माझी होती. भाजू नका, हे दोन शब्द मी फोनवर बोलले नव्हते, कारण माझ्या जगात ते बोलावे लागत नाहीत. मी पोतं गाडीत घातलं, वहिनींच्या पाया पडले आणि साताऱ्यापर्यंत स्वतःला शिव्या घालत आले. मनात एक वेडी आशा होती की मधल्या दाण्यांना आच कमी लागली असेल, थोडे विकर जिवंत असतील. केमिस्ट्रीच्या मास्तरणीने असल्या आशेवर गाडी चालवू नये, पण मी चालवली.

मलकापूर

मामा आधीपेक्षा अंगाने लहान दिसले. फाटकाचा आवाज आला की पूर्वी ते उठून पुढे यायचे, या वेळी मी खुर्चीपर्यंत गेले. त्यांनी डाव्या हाताने माझ्या डोक्यावर थोपटलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, नाचणी आणलीस?

त्यांनी चिमूटभर दाणे तोंडात टाकले, चावले आणि माझ्याकडे बघितलं. मी सगळं सांगून टाकलं. ते रागावले नाहीत, ते मला जास्त लागलं. म्हणाले, टेस्ट घे. म्हणून आम्ही वाटीभर नाचणी भरडून छोट्या पातेल्यात तासभर चौसष्ट-पासष्ट अंशांवर धरली. मग पांढऱ्या बशीत त्याचा थेंब घेऊन वर आयोडिनचा थेंब टाकला. पिठाची साखर झाली असेल तर आयोडिन तपकिरीच राहतं. पीठ तसंच असेल तर काळंनिळं होतं. बशीत शाई सांडल्यासारखा डाग पडला. दुसरा थेंब घेतला, तोही काळा.

"फेल," मामा म्हणाले. "ऱ्हाऊ दे पोरी. झालं तेवढं बास झालं."

मामींनी बशी उचलली. संध्याकाळी मामांनीच कपाटातून दोन हिवाळ्यांपूर्वीची एक बाटली काढायला सांगितली. ती परदेशी माल्टची होती, पण हात मामांचा. डॉक्टरांनी त्यांना एकदोन घोटांपलीकडे बंदी केली आहे, म्हणून त्यांनी पेल्यात बोटभर घेतली आणि बराच वेळ नुसती हुंगत बसले. मी माझा घोट घेतला. आधी काकवी, मग खारीक, मग भाकरीच्या करपलेल्या पापुद्र्याचा कडवटपणा, आणि शेवटी छातीत उतरलेली ऊब. शहरात हल्ली क्राफ्ट बीअरच्या जागा झाल्यात, तिथे आंबा घालतात, मिरची घालतात, मलाही त्या आवडतात. पण इतका धीर धरून केलेली बीअर मी कुठेच प्यायले नाही. ज्या माणसाने ही केली तो समोर बसून खोली रिकामी करायच्या गोष्टी करत होता, आणि मला त्याचा अतोनात राग आला.

मी म्हटलं, मामा, एल करायची म्हणजे करायची. यात अजून शाळू घालायचाच आहे. मी उद्या जतकडे बिरूअण्णांकडे जाते, शाळू घेते, त्याला मोड आणते. भाजलेली नाचणी फुकट जात नाही, तिच्यातलं पीठ तसंच आहे. कुठल्याही धान्याचे जिवंत विकर मिळाले की तेच नाचणीची साखर करतील. मामा उठून झोपायला गेले.

जतच्या पुढे

बिरूअण्णा मामांच्याच पलटणीतले, जतच्या पुढे त्यांची वाडी. तासगावपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षबागा होत्या आणि मला क्षणभर नाशिकलाच परतल्यासारखं वाटलं. कवठेमहांकाळ मागे पडल्यावर हिरवं संपलं. उघडे माळ, दगडी बांध, मेंढ्यांचे कळप, आणि अंगावरून सरळ जाणारा कोरडा वारा.

अण्णा धनगर. थोरली पिढी मेंढ्यांमागे कोकणापर्यंत उतरायची, अण्णा फौजेत गेले, आता घरच्या थोड्या शेतीत शाळू घेतात आणि साठेक मेंढ्या सांभाळतात. त्यांच्या सूनबाईंनी, रेखाने, आल्या आल्या पितळीत ज्वारीच्या कण्या वाढल्या, वर ताक आणि शेंगाची चटणी. सत्तरीचे अण्णा माझ्याशी कमी आणि कण्यांशी जास्त बोलत जेवले. मी हात धुतला आणि विषय काढला. शाळू द्या, आणि इथेच दोन दिवस राहून त्याला मोड आणू द्या.

अण्णांनी मान हलवली. शाळू हवा तेवढा ने म्हणाले, पण त्याचे कोंब नकोत. "कोवळ्या कोंबाला किराळ आसतंय. ह्या हातानं सात मेंढ्या पुरल्यात म्या. माझ्या सुभेदाराला म्या त्ये पाजू व्हय?"

अण्णांचं खरं होतं. किराळ म्हणजे विष, आणि ज्वारीच्या कोवळ्या कोंबात सायनाइड तयार होतं हे मी पुस्तकात वाचलंय, शिकवलंय. कोंब काढून, नीट तापवून त्याचं माल्ट करतात म्हणे. पण ज्याने विषाने मेंढ्या मरताना पाहिल्यात त्याच्या अंगणात उभं राहून मी त्याला पुस्तक काय ऐकवणार? एवढं पेट्रोल जाळून आले ते शाळूचं पोतं घेऊन परत जायला, असं वाटून डोळ्यांत पाणी आलं. रेखाने ते बघितलं असावं. चला ताई, कोकरं दाखवते म्हणाली.

कोकरांच्या गोठ्याला लागून हिरवी जाळी लावलेली एक शेड होती. आत बांबूच्या मांडणीवर प्लास्टिकचे ट्रे आणि ट्रेमध्ये गवत. माळावर उन्हाळ्यात हिरवं पान दिसत नाही, म्हणून रेखाने हे सुरू केलं होतं. गहू भिजवायचा, ट्रेमध्ये पसरायचा, दिवसातून चारसहा वेळा पाणी फवारायचं, आठ दिवसांत वीतभर हिरवा चारा. रोज नवे ट्रे भरायचे. मी सगळ्यात खालचा ट्रे ओढला. तीन दिवसांचा गहू होता, पांढरी मुळं फुटलेली, कोंब दाण्याच्या आत अजून दबलेला. दाणा बोटांत चिरडला तर आतलं पीठ खडूसारखं मऊ.

मी तिथेच खाली बसले. जगातल्या कुठल्याही बीअरवाल्याने हा ट्रे पाहून मला मिठी मारली असती. हे माल्ट होतं, फक्त वाळवायचं बाकी होतं. आणि गव्हाच्या मोडात विकर एवढे असतात की स्वतःचं भागवून शेजारच्या नाचणीचंही काम करतील. रेखाला वाटलं माझी तब्येत बिघडली.

मला आठ किलो हवा होता, म्हणजे तीन दिवसांचे ट्रे. कोकरांच्या तोंडचा चारा मागायला माझी जीभ रेटेना. रेखाने सासऱ्यांकडे बघितलं.

"चार दिस कडबा खात्याल," अण्णा म्हणाले. "मरत न्हाईत. सुभेदारानं मला बर्फातनं पाठीवर आनलंय."

मामांनी ही गोष्ट आम्हाला कधी सांगितली नव्हती. अण्णा लगेच काठी घेऊन मेंढ्यांकडे गेले.

तीन दिवस मी तिथे राहिले. रोज एका दिवसाचे ट्रे घराच्या सपाट धाब्यावर पसरायचे, ऊन आणि तो कोरडा वारा, संध्याकाळपर्यंत दाणा वाजायला लागायचा. नाशिकला घरात मला यासाठी पंखा आणि ओव्हन लागतात. चिमण्यांना हाकलायला मी दिवसभर साडीचा पदर डोक्यावर घेऊन धाब्यावर, आणि खालून वाडीतल्या बायका रेखाला विचारत होत्या, ही मास्तरीण हितं गहू राखायला कशापायी आलीया. वाळलेले दाणे पोत्यात घालून चोळले की मुळं झडतात. तेही रेखाने शिकून घेतलं आणि शेवटचं पोतं तिनेच चोळलं. निघताना अण्णांनी शाळूचं पोतं गाडीत ठेवलं आणि मला निरोप दिला, "सुभेदाराला सांग, आता तू हिकडं यायचं. म्या येनार न्हाई बगायला."

वाटेत कऱ्हाडच्या अलीकडे एका गुऱ्हाळावर थांबून काकवीचा डबा भरून घेतला. स्ट्राँग एलला जी जादा ताकद लागते ती काकवीने येते. गुळव्याने कढईतून पळी उचलून धार दाखवली आणि विचारलं, कशाला एवढी? मी म्हटलं, औषधाला. त्याने अजून एक पळी वर घातली.

पुन्हा मलकापूर

मामांना मी काहीच सांगितलं नाही. तिन्ही पोती आणि काकवी मागच्या खोलीत ठेवली आणि सकाळी सहा वाजता मोठ्या पातेल्याखाली शेगडी पेटवली. आवाज ऐकून ते काठी टेकत आले आणि दारातच उभे राहिले. मी अण्णांचा निरोप सांगितला. मामा आत येऊन स्टुलावर बसले आणि थर्मामीटर मागून घेतला.

शाळू आधी कण्यांसारखा शिजवून घेतला, कारण ज्वारीचं पीठ शिजल्याशिवाय विकरांना दाद देत नाही. ते निवल्यावर भाजलेली नाचणी आणि गव्हाचं माल्ट घातलं. तापमान पासष्टवर धरायचं. मी ढवळत होते, मामा आकडे सांगत होते. वीस मिनिटांत माझ्या दंडाला पेटके आले. मामांनी लाकडी ढवळणं माझ्याकडून काढून घेतलं आणि डाव्या हाताने फिरवायला लागले. उजवा हात नुसता वर टेकवलेला, ओझ्यासारखा. मामी दारातून बघत होत्या.

तास झाला. मी पांढरी बशी आणली. थेंब घेतला आणि वर आयोडिनचा थेंब टाकला. मामांनी डोळे मिटून घेतले होते.

"काळं?"

"न्हाई मामा. तपकिरी."

त्यांनी डोळे उघडले, बशी हातात घेऊन खिडकीपाशी नेली, उजेडात तिरपी करून पाहिली. मग पातेल्यातलं पळीभर घेऊन चाखलं. गोड होतं, आणि भाजलेल्या नाचणीचा तो खमंग वास पुरा उतरला होता. मामा पूर्वी ज्या वासासाठी परदेशी काळं माल्ट मागवत तो सुशीलावहिनींनी चुलीवर बसून, आजारी माणसाच्या काळजीपोटी, आधीच तयार करून दिला होता. मी हसत सुटले आणि मामाही हसले. झटक्यानंतर तोंड एका बाजूला जातं म्हणून ते हसणं टाळत होते, त्या दिवशी त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

पुढे अडचणी आल्याच. या धान्यांना जवासारखी टरफलं नसल्यामुळे सगळा लगदा गाळणीत अडकून बसला. मग मामींनी आपली जुनी सुती साडी चौपदरी करून दिली आणि आम्ही तिघांनी मिळून गाळलं. साडी गेली. काकवी घालून उकळलं, कडवटपणासाठी हॉप्सची फुलं टाकली. तेवढे परके मामांनी पाहुणे म्हणून चालवून घेतले. दुपारी चारला निवलेल्या रसात यीस्ट घातलं आणि भांडं बंद केलं.

मी भांडी घासता घासता म्हटलं, दोन महिन्यांनी बाटल्यांत भरू आणि मे महिन्यात एक उघडून बघू, मला सुट्टी असते. मामा एकदम सुभेदारी आवाजात म्हणाले, "मे बी न्हाई आन जून बी न्हाई. ही वर्सभर मुरनार. पुढच्या संक्रांतीपातूर कुनी हात लावायचा न्हाई. ऑर्डर हाय."

मी घासणी हातात धरून तशीच थांबले. गणपतीपासून या माणसाच्या तोंडून पुढच्या आठवड्याची गोष्ट निघाली नव्हती, आणि आता तो वर्षभराची करत होता. मामींनीही ते ऐकलं. त्या ओली साडी पिळत मोरीपाशी उभ्या होत्या. त्यांनी पिळणं थांबवलं नाही, मागे वळूनही बघितलं नाही.

"संक्रांतीला त्या बाटल्यांची बुचं कोन काडनार? मी हात लावनार न्हाई त्या दारूला," त्या म्हणाल्या. "त्यो उजवा हात कामाला लावा आजपास्नं."

मामांनी बंद भांड्याकडे बघितलं. मग डाव्या हाताने उजवा हात उचलून त्यांनी टेबलावर ठेवला आणि एक एक बोट उघडायला लागले. करंगळी उघडायला बराच वेळ लागला. पाचही झाली तेव्हा त्यांनी पुन्हा मूठ मिटली आणि मोठ्याने मोजलं, एक.